जुनी .२२ रायफल पुन्हा ग्रुपिंगवर आणताना: जानेवारी ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

क्लबच्या परवान्यावर असलेली .२२ लाँग रायफल. बोल्ट ॲक्शन, पाच राउंडचं मॅगझीन, नळी २४ इंची, दस्ता अक्रोडाचा. ॲक्शन, म्हणजे नळीमागचा यंत्राचा भाग, दस्त्याला दोनच स्क्रूंनी धरलेली. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) साइट बसवायची ११ मि.मी.ची डव्हटेल खाच आहे, पण वापरात जुनी उघडी साइट. तक्रारी तीन: ठिणगी पडत नाही, खोकं (काडतुसाचं रिकामं कवच) अडकतं, आणि गोळ्या कागदभर पांगतात.

काही खोलायच्या आधी आजची स्थिती कागदावर घेतली. मुरमाच्या जुन्या खदानीतली ५० मीटरची रेंज. मागच्या भिंतीवर काळी माती चढवलेली, वरचे दगडगोटे वेचून काढलेले, कारण .२२ ची शिशाची गोळी दगडावरून फार वाईट उसळते. सकाळी साडेसात, तापमान ९ अंश, हवा शांत. पाच-पाच राउंडचे पाच ग्रुप (ग्रुप म्हणजे एकाच नेमावर सोडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका), रायफल पिशव्यांवर टेकवून. पुढची पिशवी म्हणजे जुन्या जीन्सच्या पायात चाळून भरलेली रेती. (ज्वारी भरू नका. दोन महिन्यांत पोरकिडे होतात आणि पिशवी खाली बसते.)

मोजमाप व्हर्नियरनं. सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून गोळीच्या व्यासाचे ५.६ मि.मी. वजा करायचे. सरासरी ५२ मि.मी. सगळ्यात वाईट ग्रुप ७१. या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचं असतं, म्हणजे मजल किती बाकी आहे ते कळावं.

२५ राउंडला ६ मिसफायर, ३ वेळा खोकं चेंबरमध्येच राहिलं.

मिसफायर झाला की नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. न फुटलेला राउंड लगेच फेकून द्यायचा नाही, त्याच्या रिमवरची खूण बघायची. रिमफायरमध्ये ठिणगीचा मसाला कडेच्या पोकळ घडीत फिरवून बसवलेला असतो. एखाद्या जागी तो पोचलाच नसेल तर तिथे कितीही ठोका, काही होणार नाही. म्हणून तोच राउंड अर्धा फिरवून पुन्हा एकदा मारायचा. दुसऱ्या जागी फुटला आणि पहिली खूण खोल असेल, तर दोष काडतुसाचा. पहिली खूणच उथळ असेल, तर दोष रायफलीचा. आजच्या सहापैकी पाचांवरची खूण उथळ होती.

१४ जानेवारी

बोल्ट काढून खोलला. त्याआधी मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासलेलं. चेंबरची निशाणी म्हणून गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन दोरी वीतभर कापून ठेवली आहे. रायफल टेबलावर असली की ती चेंबरमधून बाहेर डोकावत राहिली पाहिजे.

मिसफायरचं कारण पाच मिनिटांत सापडलं. बोल्टच्या आत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, पांढरट मेणासारखा थर. वास घेतला: खोबरेल. कुणीतरी चांगल्या भावनेनं घातलेलं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा दहाच्या आसपास असतो, म्हणजे फायरिंग पिन लोण्यातून पळत होती. दुपारी हीच रायफल बरी चालायची, म्हणून "काडतुसं खराब" असा निष्कर्ष निघत राहिला. जवस तेल तर याहून वाईट. ते वाळून वार्निशच होतं, आणि उन्हाळ्यातही सुटत नाही.

सगळे भाग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये तासभर बुडवले, टूथब्रशनं घासले, फडक्यानं कोरडे केले. पिन आणि स्प्रिंग जवळजवळ कोरडीच ठेवायची. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन बोटांत चोळायचा आणि ती बोटं पिनवरून फिरवायची, इतकंच. बोल्टच्या बाहेरच्या बाजूला, जिथे तो उघडताना घासतो तिथे, तूरडाळीएवढं ग्रीस.

एक्स्ट्रॅक्टरच्या (खोकं ओढून काढणारा भाग) हुकामागे काळा चिकट गोळा होता: मेण, राख, आणि त्यात अडकलेले कापसाचे तंतू. कापूस वेचणीच्या हंगामात हवेत रुई तरंगतेच आणि तेलकट भागावर येऊन बसते. सुईनं तो गोळा उकरल्यावर हुक स्प्रिंगवर नीट हलायला लागला. हुकाची धार मात्र गोलावली आहे. मिस्त्रींना दाखवायची.

पिनचं टोकही एका बाजूला चपटं झालंय. रिकाम्या चेंबरवर घोडा पाडत राहिलं की पिन चेंबरच्या कडेवर आपटते, टोक चपटं होतं आणि त्या जागी कडेला खळगा पडतो. मग राउंडची रिम त्या खळग्यावर येते, तिला मागून आधार मिळत नाही, आणि ठोका पोकळ पडतो. इथे कडेवर नख फिरवलं तर बारीकशी खाच जाणवते, पण नख अडकत नाही. सराव म्हणून रिकामा घोडा दाबायचा असेल तर आत डमी राउंड घालूनच.

१९ जानेवारी

नळी आणि चेंबर. हा दिवस किचकट आहे, घाई करू नये.

.२२ मध्ये सहसा तांब्याचं जाड वेष्टण नसतं, गोळी शिशाची आणि तिला मेणाचं वंगण. त्यामुळे तांबं काढायची उग्र रसायनं इथे बिनकामाची. इथला कचरा दोन ठिकाणी साठतो. चेंबर संपून खाचा सुरू होतात तिथे काचेसारखी कडक काजळी कडं धरते, आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन इंचांत शिसं लेपतं. हे कडं नुसत्या चिंधीनं निघत नाही. चिंधी त्याच्यावरून घसरत जाते, पांढरी बाहेर येते, आणि आपल्याला वाटतं नळी साफ झाली.

क्रम असा ठेवला:

बोल्ट काढून मागच्या बाजूनं, प्लास्टिकचं आवरण असलेल्या एकाच लांब रॉडनं काम. रॉड वाकू नये म्हणून रिसीव्हरमध्ये बसेल अशी नायलॉनची बुशिंग लेथवर करून घेतली, भोक ५ मि.मी. चेंबरमध्ये टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी २० मिनिटं बसवून ठेवली. मग काशाच्या तारेचा ब्रश, फक्त चेंबर आणि पुढचे तीन इंच, दहा फेऱ्या, फिरवत. पुन्हा भिजवणं, पुन्हा दहा फेऱ्या. तिसऱ्या वेळी चिंधीवर चंदेरी पापुद्रे आले, नखाएवढे. ते शिसं. पाचव्या वेळी येणं थांबलं.

पूर्ण नळी घासताना ब्रश आत मधेच उलट ओढू नये, तारा मोडतात. पूर्ण बाहेर काढून मगच मागे घ्यायचा. बाहेर आलेला ब्रश परत ओढताना तोंडाच्या काठावर घासू द्यायचा नाही, तिथे तो हातानं सोडवून घ्यायचा.

शिशाच्या चिंध्या डब्यात, हात साबणानं, आणि त्या टेबलावर चहा नाही.

आतून बघायला मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा वापरला. मधली नळी चांगली, खाचांच्या कडा उभ्या. शेवटच्या दीड इंचात गंजाचे दोन-चार फोड. आणि तोंडाशी खालच्या बाजूला, घड्याळाच्या साडेपाचच्या जागी, एक गुळगुळीत पन्हाळ. ते पुलथ्रूचं, म्हणजे नळीतून ओढायच्या सफाईच्या दोरीचं, काम. वर्षानुवर्षं दोरी ओढताना ती सरळ न ओढता खाली खेचली जाते. दोरीला मातीचे कण चिकटलेले असतात आणि ती कानसच होते. एनसीसीत पुलथ्रू शिकवताना दोरी सरळ ओढा म्हणून ओरडतात ते याचसाठी.

२५ जानेवारी

स्वच्छ नळी लगेच मोजायची नसते. खाचांवर मेणाचा पातळ लेप नव्यानं बसेपर्यंत गोळ्या भटकतात. १५ राउंड मातीत सोडले, मग पाच ग्रुप. सरासरी ४१ मि.मी. मिसफायर १, आणि तो अर्धा फिरवल्यावर फुटला, म्हणजे काडतुसाचा. खोकं अडकणं शून्य. तापमान ११ अंश.

एक रुपयाचाही सुटा भाग न बदलता एवढं झालं.

तोंडाची चाचणी: कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या आतल्या काठावरून गोल फिरवली. चार ठिकाणी कापूस ओढला गेला. तोंडावर काजळीची जी चांदणी उमटते तीही एकीकडे लांब, एकीकडे तोकडी. गोळी बाहेर पडताना तिच्या बुडाभोवतीचा वायू चहूबाजूंनी एकाच क्षणी सुटला पाहिजे. एका बाजूनं आधी सुटला तर तो बुडाला तिरका धक्का देतो. २४ इंच नीट आणलेली गोळी शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरात बिघडते.

८ फेब्रुवारी

तोंड नव्यानं कापायचं काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे, नागपुरात. हे घरच्या ड्रिलवर करायचं काम नाही, दोन कारणांनी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६ नळी आखूड करण्याबद्दल वेगळं आहे. तोंड कापणं म्हणजे दीड मिलिमीटर का होईना, नळी आखूड होणंच. काम काय केलं ते लिहिलेली पावती घ्यायची आणि परवान्याच्या कागदांसोबत लावायची. दुसरं कारण यंत्राचं. नळीचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक एकाच मध्यावर असतील असं नसतं. लेथवर भोकाच्या मध्याला धरूनच कापावं लागतं.

मिस्त्रींनी कॅमेऱ्यातलं चित्र बघितलं आणि म्हणाले, "नयी (नळी) चांगली हाये भाऊ, तोंडानं मार खाल्ला."

केलेलं काम: नळी लेथवर आतल्या भोकाला डायल लावून मध्यावर आणली, फरक एका शतांश मि.मी.च्या आत. दीड मि.मी. कापून ११ अंशांचा खोलगट काठ दिला. एक्स्ट्रॅक्टर नवा. फायरिंग पिनचं टोक दगडावर घासून सपाट. मुख्य स्प्रिंग नवी, जुनी तिच्याशेजारी उभी केली तर दोन वेटोळी बुटकी भरली. हेडस्पेस (बंद बोल्टपुढे राउंडच्या रिमसाठी उरणारी जागा) गेजनं तपासला: १.०९ मि.मी.च्या गेजवर बोल्ट बंद होतो, १.१७ च्या गेजवर होत नाही. म्हणजे ठीक.

ट्रिगर स्प्रिंगकाट्यावर २.३ किलोला सुटत होता, मधे खरखर. त्यांनी खोलून साफ केला, तोच १.६ ला आला आणि खरखर गेली. यापेक्षा हलका नको असं ठरलं. ही रायफल नवशिक्यांच्या हातात जाते.

१५ फेब्रुवारी

सरासरी २९ मि.मी. कापसाची काडी आता कुठेच अडकत नाही, चांदणी सारखी. मिसफायर नाही.

पण एक गोष्ट दिसली. दर ग्रुपमध्ये गोळ्या दोन ढिगांत पडतात, तीन एकीकडे, दोन साधारण २० मि.मी. वर-उजवीकडे. दोन ढिगारे म्हणजे बहुतेकदा ॲक्शन दस्त्यात दोन जागांवर बसते आहे. पुढचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून नळी आणि दस्ता यांच्या फटीवर बोट ठेवलं, आणि घट्ट केल्यावर नळी हलल्याचं स्पष्ट जाणवलं. नळीखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी सरकवली. डावीकडे मधोमध अडली, म्हणजे नळी तिथे दस्त्याला टेकते.

२२ फेब्रुवारी ते २ मार्च

पिलर आणि बेडिंग (ॲक्शन घट्ट बसावी म्हणून दस्त्यात इपॉक्सीचा साचा).

लाकूड दबतं. स्क्रू आवळला की ते थोडं चेपतं, पावसाळ्यात फुगतं, मेमध्ये आकसतं, आणि स्क्रूचा ताण दर ऋतूत बदलतो. पिलर म्हणजे लाकडातून आरपार बसवलेली धातूची नळी. स्क्रूचा सगळा ताण तिच्यावर जातो, लाकूड फक्त भोवती असतं.

ॲल्युमिनियमची गोल कांडी, बाहेरून १२ मि.मी., आतून ७ मि.मी. स्क्रू ६ चा आहे. त्याला पिलरच्या आतल्या भिंतीला टेकू द्यायचं नाही, नाहीतर तोच धक्का खातो. पुढचा पिलर १९ मि.मी., मागचा १६. दस्त्याची मूळ भोकं उभ्या ड्रिलवर १३ ला वाढवली. हातातल्या ड्रिलनं करू नका, तिरकं गेलं की पुढचं सगळंच तिरकं.

पिलरची बाहेरची बाजू करवतीच्या पात्यानं आडवीतिडवी खरवडली, म्हणजे इपॉक्सी धरतं. पिलर अरल्डाइटनं, बेडिंगला स्टीलची पूड असलेलं इपॉक्सी, साधारण ४० ग्रॅम. नळीखालची पूर्ण खोबण २० मि.मी.च्या दांड्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून मोकळी केली. लग्नपत्रिकेची पट्टी दुहेरी घडी घालून तोंडापासून रिसीव्हरपर्यंत सुटी गेली पाहिजे, व्हर्नियरवर ही जाडी एक मि.मी.च्या आसपास भरते.

आता तयारी. रायफल कायमची दस्त्यात चिकटते ती इथेच. ॲक्शनची प्रत्येक खाच, भोक, पिनची जागा मुलांच्या खेळायच्या चिकणमातीनं भरली. इपॉक्सी खाचेत शिरून सुकलं तर ते कुलूप होतं, मग छिन्नीशिवाय मार्ग नाही. त्यावर रंगहीन बूट पॉलिशचे दोन हात, दोन्हींच्या मधे दहा मिनिटं. रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालचा, मागचा धक्का दस्त्याला देणारा ठोकळा) पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली सेलोटेपचा एकेक थर, मागच्या पृष्ठभागावर काही नाही. मागून तो घट्ट टेकला पाहिजे, बाकी तीन बाजूंनी सुटा. नाहीतर रायफल प्रत्येक वेळी काढून घालताना लग वेगळ्या ठिकाणी अडकतो. नळी मधोमध राहावी म्हणून पुढच्या टोकाशी इलेक्ट्रिक टेपचे वेढे.

इपॉक्सी भरल्यावर ॲक्शन बसवली ती स्क्रू आवळून नाही. आवळली तर ताण आतच गोठतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी तीन वेढे देऊन फक्त जागेवर धरली, स्क्रूंना मेण लावून ते दिशा दाखवण्यापुरते. कडेनं बाहेर आलेलं इपॉक्सी अर्ध्या तासानं, रबरासारखं झाल्यावर, आइस्क्रीमच्या काडीनं कापून काढलं. खोलीत ३१ अंश होते, डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्यातच माल घट्ट होऊ लागला. उन्हाळ्याच्या तोंडावर करणार असाल तर पहाटे करा.

२४ तासांनी ॲक्शन रबरी हातोडीच्या दोन टपल्यांत सुटली. दोन ठिकाणी बुडबुड्याचे खड्डे, हरभऱ्याएवढे. पुन्हा भरले.

९ मार्च

सरासरी ३१. म्हणजे बेडिंगच्या आधीपेक्षा वाईट!

दहा मिनिटं बेडिंगवर संशय घेण्यात गेली. मग बोल्ट हाताला जड लागतोय हे ध्यानात आलं. पुढचा स्क्रू सैल केला की बोल्ट मोकळा, आवळला की जड. बेडिंगनंतर ॲक्शन किंचित खाली बसली, म्हणून स्क्रूचं टोक आत जास्त शिरून बोल्टच्या पोटाला टेकत होतं. स्क्रू लांबीला १.२ मि.मी. घासला, धारेवरचा बर काढला. दुपारी पुन्हा बघितलं तर बोल्ट लोण्यासारखा (गोठलेल्या नाही).

स्क्रूचा ताण: सायकलचा छोटा टॉर्क पाना घेऊन १.५, २.०, २.५ आणि ३.० न्यूटन-मीटरवर दोन-दोन ग्रुप. २.० आणि २.५ मध्ये फरक नाही, ३.० ला ग्रुप उभा पसरतो, १.५ ला दोन ढिगारे परत येतात. २.२ वर ठरवून दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर आणि शेजारी दस्त्यावर नेलपॉलिशची रेघ मारली. रेघ हलली तर स्क्रू हलला.

१० तारखेच्या सकाळी पाच ग्रुप: सरासरी २३. दोन ढिगारे गेले.

२३ मार्च

काडतुसं. यावर सगळ्यात जास्त वाद होतो आणि सगळ्यात कमी मोजलं जातं.

चार लॉट आणले, नावं लिहीत नाही, कारण पुढचा लॉट वेगळा निघू शकतो. अ आणि ब: स्टँडर्ड वेगाचे, सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद. क: हाय व्हेलॉसिटी, सुमारे ३८०. ड: मॅचचा. चांगल्या मॅच काडतुसाच्या डब्यावर लॉट क्रमांकासोबत त्या लॉटचा मोजलेला वेगही छापलेला असतो.

लॉट बदलताना दहा राउंड नुसते सोडायचे, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं. मग पाच ग्रुप. सरासरी: अ २४, ब १९, क ३८, ड १४.

क का वाईट, ते समजून घेण्यासारखं आहे. ३८० नं निघालेली गोळी आवाजाच्या वेगाच्या वर असते. १० अंशांच्या सकाळी आवाजाचा वेग ३३७, ४२ अंशांच्या दुपारी ३५७ च्या आसपास. लक्ष्यापर्यंत पोचता पोचता ती गोळी ही रेषा ओलांडून खाली येते आणि त्या पट्ट्यात डगमगते. शिवाय वेगवान गोळीला वारा कमी लागतो हा समज .२२ ला उलटा पडतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर ३२५ च्या गोळीला साधारण ३ सेंटिमीटर ढकलतो, ३८० च्या गोळीला ४. वारा किती ढकलतो हे गोळीला हवेमुळे किती उशीर झाला त्यावर ठरतं, आणि आवाजाच्या वेगाच्या वर हवेचा अडथळा एकदम वाढतो.

अ आणि ब चा फरक मुख्यतः उभा. दोन राउंडांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर ५० मीटरवर उंचीत सुमारे ७ मि.मी. फरक पडतो. म्हणजे गोळीचा मध्य दहाच्या वर्तुळाबाहेर, आणि नेमबाजाची चूक शून्य.

रिमची जाडी मोजून अ मधले राउंड तीन गटांत वेगळे केले, शंभर राउंडला दीड तास लागला. गटवार सरासरी २२. दीड तासाच्या मानानं नगण्य. त्यापेक्षा ब घ्यावा.

सरावाला ब, स्पर्धेला ड. क बंद.

६ एप्रिल

मॅगझीन. तिसरा राउंड चढताना गोळीच्या डाव्या अंगावर शिशाचा पापुद्रा सोलला जातो. एका बाजूनं सोललेली गोळी सरळ जाणार कशी? मॅगझीनचा डावा ओठ उजव्यापेक्षा ०.४ मि.मी. आत दबलेला. हे मॅगझीन कधीतरी पडलेलं आहे. आत त्याच मापाची लाकडी पट्टी घालून पक्कडीनं, एकेका वेळी केसाएवढं, बाहेर घेतलं. तीनदा वाकवल्यावर पत्रा थकतो, म्हणून एकदाच आणि हळू. आतली स्प्रिंग धुऊन कोरडीच बसवली. मॅगझीनला तेल घालायचं नाही, धूळ आणि रुई तिथेच जमते.

२० एप्रिल

गालपट्टी आणि साइट. डव्हटेलवर डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची मागची साइट) बसवली, पुढे ३.४ मि.मी.चं कडं. ५० मीटरच्या लक्ष्याचा काळा गोल ११२.४ मि.मी.चा. तो कड्यात बसून भोवती पांढरं भरपूर राहिलं पाहिजे. कडं फार लहान घेतलं की डोळा काळ्या-पांढऱ्याच्या कडेवर चिकटून राहतो आणि थकतो. डव्हटेलवर घसरू नये म्हणून खाच आणि साइटचा जबडा दोन्ही टर्पेंटाइननं पुसून पूर्ण कोरडे केले, मग आवळलं. तेलावर आवळलेली साइट ५० राउंडांत सरकते.

डायॉप्टर उंच, म्हणून गाल हवेत. सागवानाची १८ मि.मी. जाड पट्टी वरून गोल करून दोन स्क्रूंनी दस्त्यावर. सागाचं लाकूड तेलकट, त्यावर फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून स्क्रूच बरे. उंची ठरवायची पद्धत: डोळे मिटून गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. साइटचं भोक मधोमध दिसलं पाहिजे. नाहीतर मान शोधत बसते.

ड लॉट, सरासरी १३. पिशवीवरच्या ग्रुपमध्ये साइटचा वाटा थोडाच, पण पिशवीशिवाय, पालथं पडून मारणाऱ्यांचे गुण स्पष्ट वाढले.

११ मे

सव्वासहालाच सुरुवात, आठच्या आत बंद. त्यानंतर मुरमावरून तापलेली हवा उठते आणि काळा गोल पाण्यात पडल्यासारखा हलतो. त्या वेळी ग्रुप मोजण्यात अर्थ नाही.

काडतुसांचा डबा सावलीत, ओल्या पोत्यापासून दूर. उन्हात ठेवलेल्या दहा राउंडांनी सावलीतल्या दहापेक्षा ५ मि.मी. वर ग्रुप दिला, आणि गोळ्यांवरचं मेण बोटाला लागत होतं.

रायफल बंद जीपमध्ये ठेवायची नाही. साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मेच्या दुपारी काचा लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर त्याहून जास्त होतं.

६ जुलै

पाऊस लागून तीन आठवडे. ग्रुप २६ वर आणि सगळा उजवीकडे. नेलपॉलिशच्या रेघा जागेवर, तोंड स्वच्छ, लॉट तोच. लग्नपत्रिकेची पट्टी सरकवली तर डाव्या बाजूला, पुढच्या टोकापासून चार इंचांवर, अडली.

दस्त्याचं बाहेरचं अंग पॉलिश केलेलं, पण मार्चमध्ये घासलेली आतली खोबण उघडीच राहिली होती. लाकूड एका बाजूनंच पाणी पितं तेव्हा ते नुसतं फुगत नाही, वाकतं. इपॉक्सी बरोबर होतं, पिलर बरोबर होते, खोबणीला वार्निशचा हात द्यायचा राहिला.

दस्ता काढून पंख्याखाली पाच दिवस. उन्हात नाही, तडकतो. नंतर आतून पुन्हा घासला, पॉलीयुरेथेन वार्निश पातळ करून तीन हात, स्क्रूच्या भोकांच्या आतल्या कडा आणि बटप्लेटखालचं उघडं लाकूड धरून. बटप्लेटखाली हमखास विसरलं जातं आणि पाणी तिथूनच सर्वांत जास्त शिरतं, कारण तिथे लाकडाचे तंतू उघडे असतात.

कापडी कव्हर पावसाळ्यात बंद. ओलावा धरून ठेवतं, आणि आत रायफल घाम आल्यासारखी होते. कपाटात सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा. हाताळल्यावर नळी तेलाच्या फडक्यानं पुसायची. काही जणांच्या बोटांचे ठसे या हवेत दुसऱ्या दिवशी तांबडे उमटतात.

३ ऑगस्ट

पट्टी तोंडापासून रिसीव्हरपर्यंत सुटी. आर्द्रता भरपूर, पाऊस थांबलेला, वारा नाही. ड लॉट, पाच ग्रुप: १२, १५, १३, १७, १३. सरासरी १४. ब लॉट १९. शंभर राउंडांत मिसफायर शून्य, खोकं अडकणं शून्य.

सफाईचं वेळापत्रक: चेंबर आणि पुढचे तीन इंच दर २५० राउंडांनी, पूर्ण नळी ग्रुप पांगल्याशिवाय नाही. पुलथ्रू कपाटातून काढून टाकला. पट्टी ऑक्टोबरमध्ये, लाकूड सुकल्यावर, पुन्हा सरकवायची.